ऑईलचा काटा खाली का येतो? धाराशिवच्या जुन्या मशिनींचा इतिहास

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला तर ऐका.)

आजचा भाग तुम्ही जेसीबीच्या नाहीतर पोकलेनच्या केबिनमध्ये बसून ऐकत असाल, तर आधी समोरच्या मीटरकडे बघा. ऑईलचा काटा हिरव्यात आहे ना? मग ऐकत राहा. लाल बत्ती लागली असेल तर आधी इंजिन बंद करा आणि मग ऐका. आवाज इथंच आहे, कुठं जात नाही. इंजिन मात्र जाऊ शकतं.

आजचा विषय तसा गॅरेजचा आहे. मशीन जुनी झाली की ऑईलचं प्रेशर कमी का होतं, आणि झालं तर काय बघायचं? पण आपण इतिहासवाले. त्यामुळं मी तुम्हाला आधी दीडशे वर्षं मागं नेणार, लंडनला नेणार, बार्शी लाईटच्या गाडीत बसवणार, किल्लारीच्या भूकंपापर्यंत आणणार आणि मग नाल्यात उभ्या असलेल्या मशीनजवळ सोडणार. कारण हा काटा नेमकं काय सांगतो हे कळायला तो मीटरवर आला कसा ते कळावं लागतं. आणि आपल्याकडं दहातले नऊ जण त्याचा अर्थ उलटा लावतात.

जिल्ह्यातलं पहिलं अवजड यंत्र

धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, पहिलं मोठं अवजड यंत्र कोणतं आलं असेल? माझं उत्तर आहे, बार्शी लाईट रेल्वेचं इंजिन. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही अडीच फुटी रुळांची गाडी उभी केली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. पुढं ती निजामाच्या हद्दीत शिरली आणि येडशी, ढोकी करत १९११ पर्यंत लातूरला पोचली. इंजिनं इंग्लंडमधल्या लीड्सच्या किटसन कारखान्यात बनलेली.

आता त्या इंजिनाच्या ड्रायव्हरसमोर काय होतं? वाफेचं प्रेशर दाखवणारं मीटर होतं. ते मीटर युजेन बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसानं १८४९ मध्ये शोधलेलं. त्याची युक्ती सोपी आहे. तुळजापूरच्या यात्रेत कागदाची गुंडाळलेली पिपाणी मिळते, फुंकली की सरळ होते, माहितीय ना? अगदी तसंच. चपटी, वाकडी पितळी नळी. आत दाब आला की ती उलगडायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. आजही जुन्या मशिनीवरचं साधं प्रेशर मीटर याच तत्त्वावर चालतं.

पण त्या रेल्वे इंजिनात तेलाच्या प्रेशरचं मीटर नव्हतं. कारण तेलाला प्रेशरच नव्हतं! सांध्यासांध्यावर तेलाच्या छोट्या वाट्या असायच्या. काही वाट्यांत लोकरीची वात, दिव्यातल्या वातीसारखी, तेल ओढून थेंबथेंब खाली सोडणारी. स्टेशनात गाडी थांबली की लांब चोचीची तेलाची झारी घेऊन माणूस खाली उतरणार, प्रत्येक वाटी बघणार, हात लावून सांधा तापलाय का ते बघणार. म्हणजे मीटरचं काम माणसाचा हात करायचा.

लंडनमधलं बूच

याच रेल्वेच्या आसावरून एक भारी शोध लागला होता. १८८३ च्या सुमारास इंग्लंडच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेनं बोशाम टॉवर या इंजिनिअरला काम दिलं की आसाच्या बेरिंगमध्ये घर्षण किती होतं ते मोज. टॉवरनं खालून आस तेलात बुडेल अशी रचना केली आणि वर पितळी बेरिंग ठेवून त्यावर वजन टाकलं. मग तेल घालायला बेरिंगच्या डोक्यावर एक भोक पाडलं.

आणि झालं उलटंच. आस फिरायला लागल्यावर त्या भोकातून तेल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागलं. टॉवरनं बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही सरकत वर आली. शेवटी त्यानं तिथं प्रेशर मीटर लावलं. काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पार गेला. बेरिंगवर टाकलेलं वजन सरासरी १०० पौंडांच्या आसपास होतं. म्हणजे आत कुठलाही पंप नसताना, फक्त फिरण्यामुळं, तेलानं स्वतःच एवढा दाब तयार केला होता की सगळं वजन त्यानं उचलून धरलं होतं!

पुढं १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं याचं गणित मांडलं. फिरता दांडा आपल्याबरोबर तेल ओढत नेतो, निमुळत्या फटीत कोंबतो, आणि त्या पाचरीसारख्या तेलावर तरंगतो. पावसात ओल्या डांबरी रस्त्यावर जोरात जाणारी गाडी पाण्यावर तरंगते आणि घसरते, तसंच. फक्त तिथं तरंगणं घातक आणि इथं तरंगणं म्हणजेच आयुष्य. चांगल्या चाललेल्या इंजिनात क्रँक आणि बेरिंग एकमेकांना जवळजवळ टेकतच नाहीत.

ही गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. क्रँकला उचलून धरणारा दाब फिरण्यातून तयार होतो. मीटरवर दिसतो तो दाब वेगळा. मीटरवरचा दाब एवढंच सांगतो की बेरिंगच्या दारापर्यंत तेल पोचतंय की नाही.

दारापर्यंत तेल जोरानं पोचवायची कल्पना आली १८९० मध्ये. बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉरकॉम कंपनीतल्या आल्बर्ट पेन यानं वेगानं फिरणाऱ्या वाफेच्या इंजिनासाठी पंपानं तेल ढकलायची पद्धत पेटंट केली. वात आणि वाटी गेली, पंप आणि नळी आली. आणि पंप आल्यावर त्याच्यावर नजर ठेवायला बूर्दोंची ती पिपाणी तेलाच्या नळीलाही लागली. आपल्या काट्याचा जन्म हा असा झाला.

मोटेकडून इंजिनाकडं

आता परत महाराष्ट्रात या. साताऱ्याला धनजीशहा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला आणि १९३३ मध्ये तिथं भारतातलं पहिलं डिझेल इंजिन बनलं. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पहिले प्रधानमंत्री होते, तेव्हा मुख्यमंत्र्याला प्रधानमंत्री म्हणत. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या धर्तीवर राजकोटमध्ये इंजिनं बनू लागली. आणि विहिरीवरची बैलांची मोट जाऊन तिथं 'पट्‌पट्‌पट्' असा आवाज घुमायला लागला. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना तो आवाज अजून आठवत असेल.

त्या सावकाश फिरणाऱ्या जुन्या इंजिनांपैकी बऱ्याच इंजिनांत तेल शिंपडून दिलं जायचं. कनेक्टिंग रॉडच्या बुडाला एक पळी असायची. दर फेऱ्याला ती खालच्या तेलात बुडायची आणि तेल चहूकडं उडवायची. असल्या इंजिनाला ऑईल प्रेशरचं मीटर लागायचं नाही. शेतकऱ्याला एकच गोष्ट बघायची होती, ऑईल लेव्हलला आहे की नाही. कमी असलं तर टाका, काळं झालं तर बदला.

आपल्या भागातली एक सवय बहुतेक इथूनच आलीय. लेव्हल भरली की काम झालं. आणि दुसरी सवय, तेल जितकं जाड तितकं चांगलं. शिंपडून चालणाऱ्या इंजिनाला या सवयी निभावून नेता आल्या. पंपावर चालणाऱ्या मशिनीला त्या महागात पडतात.

हातांपासून मशिनीपर्यंत

१९७२ चा दुष्काळ. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता, लातूर त्यातच होतं, ते १६ ऑगस्ट १९८२ ला वेगळं झालं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, बांध, रस्ते, खडी फोडणं. सगळं टिकाव, फावडं आणि घमेल्यानं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचं तत्त्वच हे होतं की पैसा मजुराच्या हातात जावा, यंत्राच्या नाही. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. म्हणून त्या पिढीचे पाझर तलाव बघाल तेव्हा लक्षात ठेवा, ती माती माणसांच्या डोक्यावरून आलेली आहे.

त्याच दशकात देशात दुसरीकडं पिवळ्या मशिनींचा काळ सुरू होत होता. फ्रान्सच्या पोक्लेन कंपनीशी करार करून एल अँड टीनं भारतात खोदाईच्या मशिनी बनवल्या आणि कंपनीचं नाव आपल्याकडं मशीनचंच नाव झालं, पोकलेन. १९७९ मध्ये हरियाणातल्या बल्लभगडला एस्कॉर्ट्स जेसीबी सुरू झाली. तेही नावच मशीनचं झालं. गंमत म्हणजे भारतात बनलेल्या अनेक जुन्या जेसीबींच्या पोटात किर्लोस्करचं चार सिलिंडरचं इंजिन असतं. म्हणजे विहिरीवर ज्याचं इंजिन पट्‌पट् करायचं, त्याचाच वारस जेसीबीत बसून नाला खोदतोय.

मग ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या जरा आधी. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, सगळं झोपेतल्या माणसांवर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. ढिगारे उपसायला लष्कर आलं, यंत्रं आली. पुढं लातूर आणि उस्मानाबाद मिळून ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमीन सपाट करणं, पाया खणणं, रस्ते काढणं. लोहारा-उमरगा भागातल्या अनेकांनी आपल्या गावात एवढं मशीनचं काम पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

आणि मग आपला काळ. २०१२-१३ चा दुष्काळ, २०१५-१६ चा दुष्काळ. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार योजना आली आणि नाला खोलीकरण, रुंदीकरण, तलावातला गाळ काढणं ही कामं गावोगावी निघाली. १९७२ ला जे काम घमेल्यानं झालं, ते आता तासावर भाड्यानं घेतलेल्या मशीननं व्हायला लागलं. पन्नास वर्षांच्या आत दुष्काळी कामातला मजूर बदलला. आधी माणूस उपाशी राहू नये एवढी काळजी घ्यावी लागायची. आता इंजिन कोरडं राहू नये ही काळजी घ्यावी लागते.

आता यातली मेख बघा. मोठ्या ठेकेदारानं नवी घेतलेली मशीन काही हजार तास चालते, मग ती विकली जाते. दुसरा मालक, तिसरा मालक असं करत ती गावच्या पोराकडं येते, कर्ज काढून घेतलेली. मालक एक, ऑपरेटर दुसरा, सर्व्हिसिंग करणारा तिसरा. आधीच्या मालकानं ऑईल वेळेवर बदललं का? कुणालाच माहीत नाही. तास दाखवणारं मीटर कधी बंद पडलेलं असतं. बिलं हरवलेली असतात. कागदावरचा इतिहास पुसला गेला, की मशिनीचा एकच इतिहास उरतो, तिच्या आतली झीज. आणि ती झीज बोलते ऑईलच्या काट्यातून.

पंप प्रेशर तयार करत नाही

आता खरा मुद्दा. काटा खाली आला की आपण म्हणतो, "पंप गेला." अनेकदा पंप बिचारा ठणठणीत असतो.

हे समजायला ठिबकचा संच डोळ्यापुढं आणा. मोटर चालू, फिल्टरजवळचं मीटर नीट प्रेशर दाखवतंय. तेवढ्यात रानात मधेच एक नळी फुटली, नाहीतर शेवटची टोपी निघाली. मीटरचा काटा पडतो. मोटर बिघडली का? नाही. मोटर तेवढंच पाणी देतीय, किंबहुना थोडं जास्तच बाहेर पडतंय. पण पाण्याला अडथळा राहिला नाही म्हणून दाब राहिला नाही. आणि सगळ्यात लांबच्या ओळीला पाणी पोचेनासं झालं.

इंजिनात तेच होतं. ऑईल पंप दर फेऱ्याला ठरावीक तेल ढकलतो. ते तेल क्रँक आणि बेरिंगच्या बारीक फटीतून बाहेर पडताना अडतं, त्या अडण्याला आपण प्रेशर म्हणतो. फट केवढी? साधारण केसाच्या जाडीएवढी, पाच-सात शतांश मिलिमीटर. आता गणित ऐका, कारण रेनॉल्ड्सच्या त्या गणितातूनच हे निघतं. फटीतून निसटणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. पाच शतांशाची फट सात शतांश झाली, म्हणजे फक्त दोन शतांश मिलिमीटर झीज, तरी गळती जवळजवळ पावणेतीनपट होते. डोळ्याला न दिसणारी झीज काट्यावर दिसते ती यामुळं.

दुसरी गोष्ट, तेलाचा पातळपणा. ४० नंबरचं साधं इंजिन ऑईल घ्या. ४० अंश तापमानाला ते जेवढं घट्ट असतं, त्याच्या साधारण एक दशांश घट्टपणा १०० अंशाला उरतो. आणि आपल्याकडं मशिनी कधी राबतात? एप्रिल-मे मध्ये. पावसाच्या आत नाला उरकायचा असतो, बाहेर पारा चाळिशीच्या वर, रेडिएटरच्या जाळीत धूळ भरलेली. कामाचा हंगाम आणि तेल सगळ्यात पातळ व्हायचा हंगाम एकच. वर आपली ती बारीक धूळ. एअर फिल्टर फाटका असला की हीच धूळ इंजिनात जाऊन तेलात मिसळते आणि पॉलिश पेपरसारखी बेरिंग घासते.

बत्ती लागली, आता काय?

समजा परंड्याकडं एका नाल्यात जुनी मशीन उभी आहे, दुपारचे दोन, काटा खाली आला. नियम एकच, स्वस्तापासून महागाकडं जायचं. थेट इंजिन खोलायला धावायचं नाही.

सगळ्यात पहिलं, इंजिन बंद. "एवढी फेरी मारतो आणि बघतो" हे वाक्य फार महाग आहे. बेरिंगचा सेट आणि क्रँक यांच्या किमतीत कितीतरी पटींचा फरक आहे, आणि तो फरक कधी कधी दोन-तीन मिनिटांत ओलांडला जातो.

मग मशीन सपाटीवर आहे का बघा. उतारावर तोंड करून उभ्या मशिनीत ऑईल चेंबरच्या एका बाजूला जातं आणि पंपाच्या तोंडाला हवा लागते. उतारावर काटा फडफडतो आणि सपाटीवर नीट होतो, तर बहुतेक ऑईल कमी आहे. दहा मिनिटं थांबून पट्टी काढा. कमी असेल तर भरा, पण गेलं कुठं तेही शोधा.

लेव्हल वाढलेली असेल तर जास्त काळजी करा. तेल आपोआप वाढत नसतं. पट्टीवरच्या थेंबाचा वास घ्या, बोटात चोळा. डिझेलचा वास आणि पाण्यासारखा पातळपणा असेल तर नोझल, फीड पंप किंवा डिझेल पंपाच्या सीलमधून डिझेल उतरतंय. दुधाळ, चहासारखा रंग असेल तर रेडिएटरचं पाणी आत आलंय. दोन्हीत मशीन पुढं चालवायची नाही.

लेव्हल ठीक आहे? मग मीटर खरं बोलतंय का ते तपासा. हल्ली काटा किंवा बत्ती विजेच्या सेन्सरवर चालते. सेन्सर खराब, वायर घासलेली, प्लग ढिला, काहीही असू शकतं. सेन्सर काढून त्याच भोकात साधं हातातलं प्रेशर मीटर, तीच बूर्दोंची पिपाणी, लावायची आणि मगच थोडा वेळ इंजिन चालू करून बघायचं. आपले मेस्त्री लोक किलोत बोलतात. एक किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय. ढोबळ अंदाज असा की तापलेल्या इंजिनाला दर हजार आरपीएमला १० पीएसआय तरी हवं. पण शेवटचा शब्द तुमच्या मशीनच्या पुस्तकाचा. हे मीटर प्रत्येक मशीनमालकाच्या पेटीत असायला हवं. ते नसल्यामुळं चांगली इंजिनं उगीच खोलली गेलीत आणि वाईट इंजिनं उगीच चालवली गेलीत.

साध्या मीटरवरही प्रेशर कमी आहे? मग ते कधी कमी होतं ते बघा. इथं काटा जवळजवळ गोष्टच सांगतो.

सकाळी थंडपणी छान, तापल्यावर आयडलला पडतं, आरपीएम वाढवला की वर येतं. ही झिजेची ओळख आहे, फटी वाढल्यात. किंवा ऑईल चुकीच्या नंबरचं आहे, जुनं आहे, किंवा इंजिनच जास्त तापतंय.

थंडपणीसुद्धा पहिल्यापासून कमी. मग रिलीफ व्हॉल्व्ह बघा. जादा प्रेशर सोडून देणारी ही झडप, स्प्रिंगवर चालते. स्प्रिंग मऊ झाली किंवा बारीक कचरा अडकून झडप उघडीच राहिली तर सगळं तेल तिथूनच परत चेंबरमध्ये. ऑईल पंपाची झीजही इथंच येते.

आरपीएम वाढवल्यावर उलट पडतं. म्हणजे पंपाला तेल ओढता येत नाही. चेंबरमधली जाळी गाळानं किंवा गॅस्केटला जादा लावलेल्या सोल्यूशनच्या तुकड्यांनी बुजलीय, नाहीतर ओढणारी नळी चिरलीय.

एकदम शून्य. पंपाचा ड्राइव्ह तुटला, नळी फुटली किंवा सगळं ऑईल सांडलं. नाहीतर नुसती वायर तुटली. ते कळेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही.

आणि जुना फिल्टर फेकायच्या आधी कापून उघडा. कागदाच्या घड्यांत चांदीसारखी चमक असेल तर बेरिंगचा वरचा मऊ थर निघतोय. तांब्याचा रंग दिसला तर वरचा थर संपून खालचा उघडा पडलाय. मग मात्र चेंबर उतरवायची वेळ झाली. आता बेरिंग बदलाल तर कदाचित क्रँक वाचेल. इंजिन ठोकायला लागेपर्यंत थांबलात तर क्रँक ग्राइंडिंगला, आणि त्याच्याही पुढं गेलात तर भंगारात.

जाड तेलाचं औषध

आता तो नेहमीचा सल्ला. "काटा पडतोय ना, ४० काढ आणि ५० टाक. नाहीतर ती घट्ट औषधाची बाटली ओत." आणि खरंच काटा वर येतो! सगळे खूश.

ठिबकवर परत या. फुटलेल्या नळीतून पाण्याऐवजी शेणाची स्लरी सोडली तर काय होईल? स्लरी फुटक्या जागेतून कमी पळेल, मीटरवर प्रेशर वाढेल. पण शेवटच्या झाडाला काय मिळेल? मीटर खूश, पीक उपाशी. जाड तेलाचं तसंच आहे. काटा वर येतो, फट तेवढीच राहते. सकाळी थंड इंजिनाला जाड तेल लांबच्या बेरिंगपर्यंत पोचायला उशीर होतो, आणि झीज तर त्याच पहिल्या क्षणांत होत असते. टॉवरचं बूच आठवा. क्रँकला उचलतो तो मीटरवरचा दाब नाही. मीटर फक्त तेल पोचतंय एवढं सांगतं, आणि जाड तेल त्या सांगण्यात भेसळ करतं.

हंगामाचे चार दिवस राहिलेत, मेस्त्रीनं मोजून सांगितलंय, म्हणून कुणी पुस्तकात बसणारा एक नंबर वरचा वापरला, तर समजू शकतो. पण तोपर्यंत ते कामचलाऊ आहे हे मालकाला माहीत असावं. गडबड होते ती मशीन विकताना. जाड तेल टाकून, थंड इंजिनावर काटा दाखवून सौदा केला जातो. घेणाऱ्या पोराला वाटतं इंजिन कडक आहे. त्याला काट्यातला खरा इतिहास कळतो तो पहिल्या उन्हाळ्यात, हप्ता चालू असताना.

म्हणून जुनी मशीन घ्यायला जाल तेव्हा तीन गोष्टी करा. इंजिन अर्धा-पाऊण तास कामावर तापवा. स्वतःचं साधं मीटर लावून आयडलचं प्रेशर बघा. आणि ऑईल कोणत्या नंबरचं आहे ते विचारा. मशीन आपली झाली की पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. तारीख, तास, ऑईलचा नंबर, फिल्टर, तापल्यावरचं आयडल प्रेशर. जुन्या मशिनींना साधारण २५० तासांना ऑईल बदल सांगितलेला असतो, धुळीत त्याच्या आधी. महिन्याला एक ओळ पुरते. आज दीड किलो आहे हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. दिवाळीला दोन होतं, पाडव्याला पावणेदोन आणि आज दीड, हे सगळं सांगतं. इतिहास म्हणजे तरी दुसरं काय? एका जागेच्या नोंदी, तारखेनिशी.

बार्शी लाईटचा तो झारीवाला माणूस प्रत्येक सांध्याला हात लावून बघायचा. आता इंजिन बंद डब्यात आहे, हात पोचत नाही. त्याच्या हाताच्या जागी आपल्याकडं एक काटा आलाय. तो जे दाखवतोय ते वाचायचं, जाड तेल ओतून त्याला गप्प करायचं नाही.

तर मंडळी, आजचा भाग इथंच थांबवू. तुमच्या गावात पट्‌पट् करणारं जुनं इंजिन अजून चालू असेल तर त्याचा आवाज रेकॉर्ड करून आम्हाला जरूर पाठवा. हा भाग मशीन चालवणाऱ्या एखाद्या मित्राला पाठवा, खास करून जो या हंगामाच्या आधी सेकंडहँड मशीन बघतोय त्याला. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि हो, सकाळी चालू करायच्या आधी पट्टी बघा!